टर्बो मोटारीतील फेरफार आणि त्यांस अनुरूप आज्ञावली

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही टर्बो मोटारीचे नाव घेताच ते क्षणभर घुटमळले. ज्ञातीच्या संमेलनात शिक्षण, वसतिगृह, वधूवरसूचक कार्य अशा विषयांची चर्चा व्हावयाची. तेथे मोटारीचे इंजिन आणि त्यातील संगणकाची आज्ञावली यांचे काय प्रयोजन, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. ती शंका रास्तच होती. तथापि भाता, ऐरण आणि घण ही ज्या ज्ञातीची पिढीजात साधने, त्या ज्ञातीस हा विषय परका वाटू नये असे आम्हांस वाटते. आज आपल्या कितीतरी घरांतील मुले गॅरेज चालवितात. त्यांच्यातील अनेकांस, आणि त्यांच्या वयाच्या गाडीधारक मित्रांस, टर्बो गाडीचे बळ वाढविण्याचा नाद लागलेला आहे. नाद वाईट नव्हे. परंतु तो अर्धवट ज्ञानाने केला असता पैसा जातो, इंजिन जाते आणि घरातील शांतताही जाते. आमच्या स्वतःच्या हातून असा एक अपघात घडलेला आहे. तो आम्ही पुढे सांगणार आहोत. किंबहुना तो सांगण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपले आजोबा-पणजोबा भात्याने वारा घालीत. कोळसा तोच, भट्टी तीच. पण वारा वाढला की आंच वाढे आणि लोखंड लवकर लाल होई. टर्बो हा इंजिनाचा भाताच होय. फरक इतकाच की तो ओढावयास माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या झोताने एक चाक फिरते, त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. वाया जाणाऱ्या धुराच्या बळावर ताजी हवा भरण्याच्या या युक्तीचे एकस्व आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली मिळविले.

हवा दाबली म्हणजे ती तापते. ही गोष्ट सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येक मुलास हाताने ठाऊक असते. बाहेर ३५ अंश सेल्सियस उष्णता असता हवेचा दाब दुप्पट केला, आणि दाबणाऱ्या चाकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती हवा सुमारे १३० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही हवेचे वजन दीडपटच भरते. तीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ५० अंशांपर्यंत निववली, तर वजन जवळजवळ १.९ पट भरते. यावरून तरुणांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाबाचा काटा किती वर गेला याने इंजिनाचे बळ ठरत नाही. सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा गेली, तिच्या प्रमाणात पेट्रोल पडले की नाही आणि ठिणगी योग्य क्षणी पडली की नाही, या तीन गोष्टींनी ते ठरते.

या तीन गोष्टींचा हिशेब आजच्या गाडीत एक लहानसा संगणक ठेवतो. त्याच्या पोटात असंख्य कोष्टके असतात. इंजिनाचे फेरे इतके, हवेचा भार इतका, तर पेट्रोल किती सोडावे. ठिणगी पिस्टन वर येण्यापूर्वी किती अंश आधी टाकावी. टर्बोची झडप, जिला गॅरेजात वेस्टगेट म्हणतात, ती किती उघडावी, असे सर्व आकडे त्या कोष्टकांत मांडलेले असतात. या कोष्टकांसच आपली मुले मॅप म्हणतात, आणि ते आकडे बदलण्यास रिमॅप किंवा ट्यून म्हणतात.

आता आमच्या प्रतिपादनाचा गाभा सांगतो. संगणकास इंजिन दिसत नाही. त्याला काही संवेदक थोडेसे सांगतात, आणि उरलेले सर्व तो कोष्टकांवरून गृहीत धरतो. हवेची नळी किती रुंद, इंजेक्टरमधून मिनिटास किती पेट्रोल पडते, दाबाचा संवेदक कोणत्या मापाचा, धुराचा मार्ग किती मोकळा, या सर्व गोष्टी कारखान्यात बसविलेल्या भागांवरून एकदाच मोजून लिहून ठेवलेल्या असतात. म्हणजे मॅप हे त्या विशिष्ट भागांचे वर्णनच होय. भाग बदलला आणि वर्णन तेच राहिले, तर संगणक यापुढे जे जे करील ते खोट्या माहितीवर करील. उलट, वर्णन बदलले आणि भाग तेच राहिले, तरी परिणाम तोच. यास्तव आज्ञावली आणि फेरफार यांची जोडी जमविणे हेच या विद्येचे सार आहे.

हा धडा जुना आहे. अमेरिकेतील ओल्ड्समोबिल कंपनीने १९६२ साली जेटफायर नावाची टर्बो मोटार काढली. सामान्य ग्राहकांस विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या टर्बो मोटारींत तिची गणना होते. तिच्या इंजिनातील दाबगुणोत्तर १०.२५ इतके चढे होते. त्यावर टर्बोचा दाब घातला म्हणजे पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिन ठोके देणार, हे जाणून कंपनीने पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय केली आणि त्यासाठी वेगळी टाकी दिली. ती टाकी रिकामी झाली की दाब आपोआप कमी होई. योजना उत्तम होती. परंतु ती टाकी वेळोवेळी भरण्याकडे पुष्कळ मालकांनी लक्षच दिले नाही. गाडीचे बळ कमी भासू लागले, तक्रारी वाढल्या, १९६३ नंतर ती गाडी निघाली नाही, आणि पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. भाग, इंधन आणि नियंत्रण ही तिन्ही परस्परांस धरून नसली तर कारखान्याचे अभियंतेही हरतात. पुढे स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी इंजिनाचा ठोका ऐकून टर्बोचा दाब क्षणात उतरविणारी योजना आणली. यंत्राने स्वतःचे ऐकावे आणि स्वतःस आवरावे, ही कल्पना तेव्हापासून टर्बो मोटारीत रुजली.

आता एकेका भागाकडे वळू, आणि त्याबरोबर आज्ञावलीत काय बदलावे लागते ते पाहू.

हवेच्या नळीपासून आरंभ करू. काही गाड्यांत फिल्टरच्या पुढे नळीत एक तप्त तार वा पत्री असते. तिच्यावरून हवा किती जाते ते ती मोजते. वस्तुतः ती आपल्यापुरती लहानशा जागेतील हवेचा झोत जोखते आणि नळीचा व्यास ठाऊक आहे असे धरून एकूण हवेचा आकडा काढते. समजा, मूळ नळीचा व्यास ६६ मिलिमीटर आहे आणि आपण हौसेने ७० मिलिमीटरची नळी बसविली. फरक चार मिलिमीटरांचा. परंतु क्षेत्रफळ साडेबारा टक्क्यांनी वाढते, आणि तितकीच हवा ओढली जात असता संवेदकाजवळचा तिचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. संगणक समजतो, हवा ११ टक्के कमी आली; तो पेट्रोलही तितकेच कमी सोडतो. एवढ्यावर थांबत नाही. भार कमी आहे असे समजून तो ठिणगीही अधिक लवकर टाकतो. एका चुकीच्या आकड्यातून असे दोन अपाय होतात, आणि दोन्ही एकाच दिशेचे, पिस्टनला जाळणारे असतात. नळी बदलली तर त्या संवेदकाचे कोष्टक पुन्हा मोजून लिहिले पाहिजे.

ज्या गाड्यांत हा संवेदक नसतो, त्या गाड्या हवेचा दाब आणि उष्णता यांवरून हिशेब करतात. तेथे नळीचा व्यास तितका बाधत नाही. पण टर्बो मोठा बसविला वा धुराचा मार्ग मोकळा केला की त्याच दाबास सिलिंडरमध्ये अधिक हवा भरू लागते, आणि सिलिंडर किती भरतो याचे कोष्टक चुकीचे ठरते. दाबाच्या संवेदकाचेही असेच. मूळ संवेदक २.५ बार निरपेक्ष दाबापर्यंतच मोजणारा असेल, तर त्यावरच्या दाबास तो आंधळा असतो. त्याच्या जागी ३ बारचा बसविला आणि आज्ञावलीत ते सांगितले नाही, तर प्रत्यक्ष २ बार दाब असता संगणक ढोबळमानाने १.६७ बारच समजेल, आणि पेट्रोल सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी पडेल.

इंजेक्टर बदलताना चूक उलट दिशेस होते. मिनिटास ४४० घनसेंटिमीटर पेट्रोल देणाऱ्याऐवजी ५५० चे बसविले, तर प्रत्येक वेळी २५ टक्के पेट्रोल अधिक पडते. तो आकडा सुधारणे सोपे असते. परंतु विजेचा प्रवाह मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो सूक्ष्म विलंब लागतो, तो साधारण एक हजारांश सेकंदाच्या आसपास असतो आणि प्रत्येक जातीच्या इंजेक्टरचा निराळा असतो. गाडी उभी असताना इंजेक्टर उघडा राहतो तोच मुळी दोन-तीन हजारांश सेकंद. विलंबाचा आकडा चुकला तर पूर्ण वेगात गाडी बरी धावेल, पण सिग्नलला उभी राहिली की आचके देईल. तरुण मेकॅनिक मग प्लग बदलतो, कॉइल बदलतो. चूक मात्र कोष्टकात असते.

टर्बोमागची धुराची नळी, जिला डाउनपाइप म्हणतात, ती मोकळी केली की टर्बोचे चाक लवकर गती घेते. वेस्टगेटची जुनी कोष्टके जुन्या अडथळ्यास धरून असतात. त्यामुळे तितक्याच आज्ञेने दाब ठरविल्यापेक्षा वर उसळतो. ही कोष्टके पुन्हा बसवावी लागतात. शिवाय त्या नळीतील धूर शुद्ध करणारे उपकरण काढून टाकण्याचा मोह कोणी धरू नये. ते कायद्यास धरून नाही, आणि आपल्याच मुलाबाळांच्या श्वासाशी तो खेळ आहे. इंटरकूलर मोठा बसविणे हा त्या मानाने निरुपद्रवी फेरफार होय. थंड हवेचा लाभ घेण्यापुरती ठिणगीची सुधारणा केली म्हणजे त्याचे चीज होते.

आता आमची गोष्ट. आमच्या भाच्याने नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पैसा साठवून एक टर्बो-पेट्रोल गाडी घेतली. कारखान्यात जाण्यायेण्यास तीच त्याचे वाहन. मामा या विद्येतील जाणकार, या विश्वासाने तो ती आमच्याकडे घेऊन आला. त्याने हवेची रुंद नळी आणि उघडा फिल्टर आधीच बसविलेला होता. आमच्यापाशी त्याच जातीच्या दुसऱ्या एका गाडीसाठी केलेला मॅप होता. ती गाडी त्या मॅपवर उत्तम धावत होती. परंतु तिची हवेची पेटी मुळातलीच होती. आम्ही हा फरक पाहिला आणि किरकोळ मानला. चार मिलिमीटरांनी काय होते, असे आम्हीच त्यास हसत सांगितले. मॅप लिहिला, एक फेरी मारली, गाडी तीरासारखी सुटली. भाचा खूश, आम्हीही खूश.

हळू चालविताना चूक दिसत नव्हती. कारण धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक पेट्रोलाची उणीव ओळखून ती भरून काढीत होता. धोक्याचा दिवाही लागला नाही. पूर्ण जोर लावला म्हणजे मात्र आज्ञावली ठरलेल्या कोष्टकावर अधिक विसंबते, आणि ते कोष्टक या गाडीचे नव्हते. उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना, गाडीत चार माणसे असता, त्याने जोर लावला. ठोक्याचा संवेदक ठिणगी मागे घेत असणार; परंतु त्याच्या मागे घेण्यासही मर्यादा असते. घाटमाथ्यावर गाडी थरथरू लागली. इंजिन उघडले तेव्हा एका पिस्टनची रिंग बसते ती कड तुटलेली निघाली.

इंजिन दुरुस्त झाले. परंतु दुरुस्तीस त्या मुलाची दोन वर्षांची शिल्लक गेली, आणि दीड महिना तो पहाटेची बस धरून कामावर गेला. त्याने आम्हांस एक शब्दही उणा बोलून दाखविला नाही. बोलल्या त्या आमच्या भगिनी. त्या म्हणाल्या की आपले वडील लोखंडाचा रंग पाहिल्याशिवाय कधी घण घालीत नसत. तुम्ही रंग न पाहता घण घातला कसा? या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. मोजण्याची साधने आमच्या गॅरेजात कपाटात होती. ती काढून पूर्ण भारावर एकदा नोंद घेतली असती, तर पेट्रोल कमी पडते आहे हे पाच मिनिटांत कळले असते. त्या दिवसापासून आम्ही दुसऱ्या गाडीचा मॅप कोणत्याही गाडीत न मोजता लिहिलेला नाही.

या अनुभवानंतर कोणत्या फेरफारास कोणत्या प्रकारची आज्ञावली योग्य, याविषयी आमचे मत बनले ते सांगतो. आज मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे संवेदकाच्या तारेवर बसविण्याची छोटी पेटी. ती संगणकास दाब कमी आहे असे खोटे सांगते आणि त्याच्याकडून दाब वाढवून घेते. ती बसविणे व काढणे सोपे असते. परंतु जो संगणक आधीच गृहीतांवर चालतो त्यास आणखी एक खोटे सांगण्याचा हा प्रकार आहे. भाग बदललेल्या गाडीत आम्ही ती सुचविणार नाही. दुसरा मार्ग मूळ संगणकातील कोष्टके बदलून लिहिण्याचा. रस्त्यावरच्या गाडीत जे फेरफार संभवतात त्या बहुतेकांस हाच योग्य. कारण कारखान्याने घातलेली संरक्षणे, इंजिन तापले तर बळ कमी करणे, ठोका ऐकणे, गिअरबॉक्सशी बोलणे, ही सर्व यात टिकून राहतात. तिसरा मार्ग मूळ संगणक काढून स्वतंत्र संगणक बसविण्याचा. इंजिनाचे बहुतेक सर्व भाग बदललेल्या, केवळ शर्यतीच्या गाडीस तो शोभतो. त्यात पहिल्या आकड्यापासून सर्व काही आपण लिहावे लागते, आणि जे लिहावयाचे विसरले ते संरक्षण गाडीस नसते.

बाजारात स्टेज एक, स्टेज दोन अशी नावे चालतात. या नावांस कोणतेही सर्वमान्य माप नाही. एकाच्या स्टेज दोनमध्ये डाउनपाइप अपेक्षित असतो, दुसऱ्याच्यात इंटरकूलरही. यास्तव तरुणांनी विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: हा मॅप करताना गाडीवर कोणकोणते भाग होते आणि टाकीत कोणते पेट्रोल होते? ज्यास याचे उत्तर देता येत नाही त्याच्याकडून मॅप घेऊ नये.

पेट्रोलाचा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा आहे. २०२५ सालापासून आपल्या देशात पंपावरील पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास पूर्ण जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलास ९ भाग पुरते. या मिश्रणास हिशेबाने सुमारे १३.५ भाग हवा लागते. म्हणजे तितक्याच हवेस इंधन वजनाने सुमारे ९ टक्के अधिक हवे. इथेनॉल ठोका सहन करण्यास उत्तम, हा लाभ खरा. परंतु इंजेक्टर व पंप आधीच शेवटच्या टोकास पोचलेले असतील, तर ते ९ टक्के आणावयाचे कोठून? परदेशात शुद्ध पेट्रोलावर तयार झालेला मॅप म्हणूनच येथे जसाच्या तसा चालेल असे समजू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण पेट्रोलाच्या पंपासही लागू पडते.

आपल्या मुलखातील चढउतारही हिशेबात धरावे लागतात. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ८५ टक्केच असतो. इंजिनात १.८ बार दाब राखावयाचा तर मुंबईस टर्बोला हवा १.८ पटीच्या आतच दाबावी लागते, महाबळेश्वरी मात्र २ पटीहून अधिक. तेच चाक अधिक वेगाने फिरते आणि हवा अधिक तापते. म्हणून मुंबईच्या रस्त्यावर बसविलेला मॅप घाटात पारखल्याशिवाय पुरा झाला असे म्हणू नये. लहान इंजिनाच्या गाडीत उंच गिअर घालून, फेरे अगदी कमी असता, पूर्ण जोर लावण्याची सवयही सोडावी. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत अशा वेळी ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण भडकते आणि एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. या दोषाविरुद्ध पारखलेली तेले निघाली आहेत; २०२० साली आलेला एपीआय एसपी हा दर्जा त्यांपैकीच होय.

इंजिनापुढे काय जोडले आहे याचाही विसर पडू नये. पुण्याजवळ चाकण येथे बनलेली, २०१३ साली बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय अनेकांच्या परिचयाची आहे. तिच्या १.२ लिटर इंजिनाचे मूळ बळ १०५ अश्वशक्ती आणि पीळ १७५ न्यूटन-मीटर. तिच्या डीक्यू२०० या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. म्हणजे पीळ वाढविण्यास जागा आहे. पण ती मोजकी आहे. गिअरबॉक्सचा स्वतंत्र संगणक इंजिनाने कळविलेल्या पिळावरून क्लच किती घट्ट धरावा ते ठरवितो. इंजिनाने खरा आकडा लपविला तर क्लच घसरतो. येथेही पुन्हा खऱ्या वर्णनाचाच प्रश्न येतो.

मग क्रम कोणता धरावा? आमच्या गॅरेजात आता पुढील क्रम पाळला जातो. प्रथम इंजिनाची प्रकृती पाहावी: प्रत्येक सिलिंडरचा दाब, प्लग, तेल, आणि हवेच्या नळ्यांतील गळती. आजारी इंजिनास मॅप हे औषध नव्हे. नंतर मूळ मॅपवरच पूर्ण भाराची नोंद घ्यावी, म्हणजे तुलनेस आधार राहतो. त्यानंतर भाग बदलावे आणि एका वेळी एकच बदलावा. भाग बदलला की प्रथम त्याचे वर्णन, म्हणजे संवेदक आणि इंजेक्टर यांचे आकडे, दुरुस्त करावे. हलक्या भारावर संगणकास स्वतःहून किती टक्के सुधारणा करावी लागते ते पाहावे. ती चार-पाच टक्क्यांच्या आत आली म्हणजे वर्णन जुळले असे समजण्यास हरकत नाही. मगच दाब वाढवावा, तोही पायरीपायरीने, आणि ठिणगी सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीस स्वतंत्र मापकाने धुरातील हवा-इंधनाचे प्रमाण नोंदवावे, आणि ठोका दिसताच एक पाऊल मागे यावे. मूळ मॅपची प्रत जपून ठेवावी.

कायद्याविषयी दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. विमा उतरविताना फेरफार लपविला तर अपघातानंतर भरपाईस अडचण येऊ शकते. त्यामुळे ज्यांस बळाची खरी हौस आहे त्यांनी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या शर्यतीच्या पटांगणाची वाट धरावी. गल्लीतील आणि महामार्गावरील लोक आपल्या हौसेचे साक्षीदार होण्यास बांधलेले नाहीत.

शेवटी मंडळास एक विनंती करावयाची आहे. हवा-इंधनाचे प्रमाण दाखविणारे एक चांगले मापक, नळ्यांतील गळती धुराने शोधणारे एक यंत्र, आणि नोंदी घेण्याचा एक संच, एवढी साधने मंडळाने सामायिक निधीतून घ्यावी आणि ज्ञातीतील लहान गॅरेजवाल्यांस आळीपाळीने वापरावयास द्यावी. ज्या तरुणाचे नुकतेच दुकान लागले आहे त्यास ती एकट्याने घेणे जड जाते, आणि साधन नसले म्हणजे तो अंदाजाने घण घालतो. आमच्यापाशी साधने असूनही आम्ही ती वापरली नाहीत. ज्यांच्यापाशी ती नाहीतच त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? या कामी आमच्याकडील मापक आणि आठवड्यातील एक सायंकाळ देण्यास आम्ही सिद्ध आहोत. आमचा भाचाही येणार आहे. नोंदींचे काम त्याने मागून घेतले आहे.

पूर्वी भाता एकाच्या हाती आणि घण दुसऱ्याच्या हाती असे. दोघांची नजर मात्र एकाच लोखंडावर खिळलेली असे. म्हणून काम साधत असे. आजचा भाता धुराने चालतो आणि घणाची आज्ञा संगणक देतो. नजर ठेवण्याचे काम तेवढे आपल्याकडे उरले आहे, आणि ते आपल्या ज्ञातीस नवे नाही.